सात दिवस, दहा माणसं आणि एक शनिवार

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता तुम्ही काय करत असता? बरेच जण बॉसच्या केबिनकडे चोरून बघत असतात. काही जण वीकएंडचा प्लॅन फायनल करत असतात. आणि माझ्यासारखे फ्रीलान्सर ‘सोमवारी सकाळपर्यंत दिलंस तरी चालेल हं’ असा गोड मेल वाचून शनिवार-रविवारवर पाणी सोडत असतात. फ्रीलान्सरला बॉस नसतो म्हणतात. साफ खोटं! आठ-दहा बॉस असतात, आणि त्यातल्या एकालाही बाकीच्यांचा पत्ता नसतो.

आमच्या घरी मात्र शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मम्मी दिवा लावते. काचेच्या ग्लासात अर्धं पाणी, वर तेल आणि तेलात वात. तो एकदा लागला की शनिवारी रात्री आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत कामाला सुट्टी. लॅपटॉप बंद. हिशेब बंद. ‘फक्त दोन मिनिटांचं काम आहे’ हेसुद्धा बंद.

कारण आम्ही ज्यू आहोत. मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्रायल.

तुमच्या भुवया वर गेल्या असतील तर हरकत नाही, मला सवय आहे. कॉलेजात मासकॉमला असताना पहिल्या दिवशी हमखास प्रश्न यायचा, ‘अगं, पण तुझं आडनाव तर ‘कर’नं संपतं!’ संपतंच. रोहेकर, पेणकर, चेऊलकर, दिवेकर, किहीमकर, झिराडकर, राजपूरकर... रायगड जिल्ह्याचा नकाशा उघडा, आमची आडनावं गावोगाव सापडतील. ‘गोलमाल’ आणि ‘बातों बातों में’मधले गोड म्हातारे डेव्हिड आठवतात? ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आमच्यातलेच!

हायवेच्या कडेला एक घर

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, कात्रजचा बोगदा आणि खेड शिवापूर मागे टाकलं, की हायवेला लागून वरवे बुद्रुक येतं. भोर तालुक्यातलं गाव. तुम्ही महाबळेश्वरला जाताना ऐंशीच्या स्पीडनं त्याच्या बाजूनं गेला असाल. पप्पांनी रिटायर झाल्यावर इथे तीन गुंठ्यांत घर बांधलं. आयुष्यभर कारखान्याच्या टूलरूममध्ये मशीनचा आवाज ऐकलेल्या माणसाला हायवेच्या आवाजाचं काही वाटलं नाही. अंगणात त्यांनी दोन माड लावले. आमचं मूळ अलिबागच्या बाजूचं ना, माडाशिवाय घर कसलं! वरव्याच्या थंडीत ते माड काही नीट वाढले नाहीत. पप्पा म्हणायचे, ‘घाई नाही. आपल्याला इथे दोन हजार वर्षं राहायचंय.’

घरभरणीला आम्ही मलिदा केला होता. मलिदा म्हणजे भिजवलेले गोड पोहे, वर ओलं खोबरं, साखर, सुका मेवा आणि सोबत फळं. एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावानं आम्ही तो करतो. नवस फेडायचा असो, लग्न असो किंवा नवं घर, बेने इस्रायली घरात मलिदा हवाच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला तर एका खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, अशी आमच्या लोकांची श्रद्धा आहे. शेजारच्या आक्कांनी ताटली हातात घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाल्या, ‘कुठल्या देवाचा परसाद म्हणायचा ह्यो?’ पप्पा म्हणाले, ‘तुमच्या-आमच्या एकाच देवाचा, आक्का.’ संपला विषय. गावानं आम्हाला त्या दिवसापासून आपलं म्हटलं.

तर अशा या घरात गेल्या वर्षी आषाढात, एका सोमवारी रात्री, पप्पा गेले. जेवले, टीव्हीवर बातम्या बघितल्या, छातीत दुखतंय म्हणाले आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. भाऊ इस्रायलमध्ये, अश्दोदला. मी आणि मम्मी इथे. बाहेर मुसळधार पाऊस.

‘धीर धर’ म्हणजे नक्की काय करायचं?

त्या रात्रीपासून मला सगळ्यात जास्त मिळालेला सल्ला म्हणजे ‘स्ट्राँग राहा’. व्हॉट्सअॅपवर, फोनवर, मेलवर. हात जोडलेल्या इमोजींसकट. सांगणाऱ्यांच्या मनात प्रेमच होतं, त्यात शंका नाही. पण स्ट्राँग राहा म्हणजे नक्की काय करायचं असतं? उठून बसायचं? रडायचं नाही? मेलला उत्तर द्यायचं? ज्याच्यासाठी मी लिहीत होते अशा एका क्लायंटनं तर ‘टेक युवर टाइम’ असं लिहून पुढच्याच ओळीत ‘शुक्रवारपर्यंत जमेल का?’ असं विचारलं होतं.

आमच्या धर्मानं मला स्ट्राँग राहायला सांगितलंच नाही. त्यानं सांगितलं ते एवढंच, की आता पुढचं काय करायचं.

माणसाला शक्य तितक्या लवकर माती द्यायची. त्यामुळे भावाची वाट बघता आली नाही. मंगळवारी दुपारी पुण्याच्या ज्यू दफनभूमीत पप्पांना ठेवलं. त्याआधी कपडा फाडायचा. आई-वडील गेले तर डाव्या बाजूला, हृदयाजवळ. मी माझ्या कुर्त्याचा गळा फाडला. टर्रकन आवाज झाला. तुम्हाला सांगते, त्या आवाजानं जेवढं मोकळं वाटलं, तेवढं कुठल्याच शब्दांनी वाटलं नाही.

मग घरी यायचं आणि सात दिवस खाली बसायचं. याला ‘शिवा’ म्हणतात, हिब्रूत शिवा म्हणजे सात. घराबाहेर पडायचं नाही, काम करायचं नाही. पहिलं जेवण स्वतःच्या घरचं खायचं नाही. ते शेजाऱ्यांनी आणायचं, असा नियमच आहे. दुःखातल्या माणसाला स्वतःसाठी चूल पेटवावीशी वाटणार नाही, हे कुणीतरी फार पूर्वी ओळखून ठेवलंय.

आता वरव्यात आमच्या नियमांची माहिती कुणाला असणार? पण आक्का दारात उभ्या.

‘तुमच्यात दहावं असतंय का?’

मम्मी म्हणाली, ‘आमच्यात सात दिवस बसतात, आक्का.’

‘मंग सात दिस चूल पेटवायची न्हाई. मी हाय की.’

आणि त्यांनी डबा उघडला. भाकरी आणि मसुराची आमटी. मम्मीनं माझ्याकडे बघितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचा बांध फुटला. कारण ज्यू परंपरेत दुःखाच्या घरचं पहिलं जेवण असतं अंडी नाहीतर मसूर! गोल पदार्थ, फिरणाऱ्या चाकासारखे. जुन्या रब्बींनी आणखी एक कारण दिलंय. मसुराला तोंड नसतं, तसंच शोकात बसलेल्या माणसालाही तोंड नसतं. आक्कांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरात त्या दिवशी मसूर शिजला होता, बास. सुतकाच्या घरी शेजाऱ्यानं पिठलं-भात न्यायचा, ही रीत त्यांच्याकडेही आहेच.

नियम आणखी एक. भेटायला येणाऱ्यानं आधी बोलायचं नाही. घरचा माणूस बोलला तर बोलायचं, नाहीतर नुसतं शेजारी बसायचं. ईयोबाच्या गोष्टीत त्याचे मित्र सात दिवस त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसून राहतात, त्यावरून आलेला हा प्रघात. मळ्यातले आप्पा रोज संध्याकाळी यायचे, टोपी मांडीवर ठेवून अर्धा तास बसायचे आणि ‘येतो’ म्हणून निघून जायचे. पुढे कधीतरी मी हा नियम त्यांना सांगितला, तर म्हणाले, ‘नियम कशापायी लागतोय? बोलण्यासारखं काय असतंय तिथं?’

चौथ्या दिवशी शुक्रवार आला

आता खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणावं की नाही कळत नाही, पण मला दुसरा शब्द सुचत नाहीये.

मंगळवार पहिला दिवस धरला, तर चौथ्या दिवशी शुक्रवार. आणि शब्बाथ सुरू झाला की चारचौघांसमोर शोक करायचा नाही. दिवस मोजणीत धरतात, पण जमिनीवरून उठायचं, फाटका कपडा बदलायचा, दिवा लावायचा. वडील जाऊन चार दिवस झालेत आणि धर्म सांगतोय, आंघोळ कर, चांगले कपडे घाल. मला राग आला. मी म्हटलं, ‘मम्मी, या आठवड्यात राहू दे ना.’

मम्मी काही बोलली नाही. तिनं धुतलेली साडी नेसली, ग्लासात पाणी ओतलं, तेल ओतलं, वात सोडली. हात थरथरत होता, दोन काड्या वाया गेल्या. तिसरीनं दिवा लागला. काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत प्याल्यात ओतलं. पप्पा म्हणायचे ती किद्दुशची प्रार्थना तिनं म्हटली. अडखळत, अर्धी विसरत. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आपल्या लोकांचं सगळं बुडालं होतं ना, तेव्हा एवढंच उरलं होतं.’

ही गोष्ट आम्ही लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. कोकणच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना त्यांनी अलिबागजवळच्या नवगावला पुरलं. हे नक्की कधी घडलं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. कुणी दोन हजार वर्षं म्हणतं, कुणी त्याहून बरंच अलीकडचं. पण कथेतला मुद्दा असा, की पुस्तकंही बुडाली. धर्मग्रंथ नाही, रब्बी नाही, हिब्रू हळूहळू विसरली. पुढे ज्यू जगात तालमूद नावाचा नियमांचा महासागर तयार झाला, त्याचा यांना पत्ता नाही. हनुक्कासारखा सणही माहीत नाही!

मग उरलं काय? ‘शेमा’ ही देव एकच आहे असं सांगणारी छोटीशी प्रार्थना. मुलाची आठव्या दिवशी सुंता. खाण्याचे काही नियम, म्हणजे खवले आणि पंख असलेलेच मासे खायचे, वगैरे. आणि शनिवार.

पोटासाठी त्यांनी तेलाचे घाणे टाकले. आठवड्याचे सहा दिवस बैल फिरायचा, शनिवारी मात्र घाणा बंद. आजूबाजूच्या लोकांनी त्यांना नावच ठेवलं, ‘शनिवार तेली’. विचार करा, एका समाजाची ओळख काय, तर हे लोक अमुक दिवशी काम करत नाहीत! आणि त्या एका न केलेल्या कामामुळे पुढे त्यांची ओळख पटली. परंपरा सांगते, की डेव्हिड रहाबी नावाचे एक ज्यू गृहस्थ कोकणात आले. त्यांनी बायकांपुढे मिश्र मासे ठेवले. बायकांनी खवले नसलेले मासे बाजूला काढले. रहाबींनी ओळखलं, ही आपलीच माणसं! त्यांनीच मग तिघांना शिकवून काजी केलं आणि हरवलेला धर्म पुन्हा हळूहळू घरी आला.

मला नेहमी वाटायचं, की या गोष्टीतले पूर्वज कुणीतरी ग्रेट, श्रद्धाळू, डोळे मिटून ध्यान करणारे असतील. त्या शुक्रवारी मम्मीकडे बघताना वाटलं, की ते बहुतेक तिच्यासारखेच असावेत. अर्धी प्रार्थना विसरलेले, थरथरत्या हाताचे, पण शुक्रवार आलाय म्हणून दिवा लावणारे.

मराठीत छापलेली सुटका

आमचे सण तरी किती मराठी व्हावेत! नव्या वर्षाला जुने लोक ‘नव्याचा सण’ म्हणायचे. उपासाच्या सगळ्यात मोठ्या दिवसाला, योम किप्पूरला, ‘दार फाळणीचा सण’, कारण त्या दिवशी घराचं दार लावून घ्यायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. मंदिराच्या विध्वंसाचा दिवस असतो, तेव्हा वालाचं बिरडं खातात, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. जेरुसलेमचं दुःख आणि कोकणातले वाल! कुणा ग्रंथात हे सापडणार नाही.

वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाहच्या रात्री इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची गोष्ट वाचतात, त्या पुस्तकाला हगादा म्हणतात. पुण्यात १८७४ साली हगादाची मराठी आवृत्ती छापली गेली. त्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करताना दिसतात. पप्पांकडे त्या पानाची झेरॉक्स होती, ती त्यांनी फ्रेम करून स्वयंपाकघरात लावलीय. ते म्हणायचे, ‘मोझेस समुद्र दुभंगवून आला असेल, पण आमच्याकडे तो व्हाया अलिबाग आला.’ त्याच सुमारास, १८८० पासून, मुंबईत आमच्या लोकांनी कीर्तनंही सुरू केली. अब्राहम, योसेफ, मोझेस यांच्या कथा, पण साकी आणि दिंडीच्या चालीत!

पुण्यातही आमच्या खुणा आहेत. कॅम्पातलं लाल देऊळ तुम्ही पाहिलं असेलच. लाल विटांची, उंच मनोऱ्याची ती इमारत, ओहेल डेव्हिड सिनेगॉग, डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतली आणि १८६७ मध्ये पूर्ण झाली. ते बगदादी ज्यू. आम्हा बेने इस्रायलींचं सुक्कथ शेलोमो रास्ता पेठेत, १९२१ चं. पप्पा टू-व्हीलरवरून सणासुदीला तिथे जायचे. शब्बाथला मात्र गाडी चालवायची नाही, हे त्यांनी वरव्याला आल्यावर ठरवलं. तीस किलोमीटर चालणं तर शक्य नाही. मग ते अंगणात खुर्ची टाकून, माडाकडे बघत, घरीच प्रार्थना म्हणायचे.

दहा जण कुठून आणायचे?

इथे माझ्या गोष्टीतली खरी अडचण येते. आई-वडील गेले की मुलानं अकरा महिने ‘कद्दीश’ म्हणायचं असतं. जगभरच्या ज्यूंना कुठलीही प्रार्थना येत नसली तरी ही माहीत असते. अरामी भाषेतली, दोन मिनिटांची. गंमत म्हणजे मृतासाठी म्हणायच्या या प्रार्थनेत मृत्यूचा एकदाही उल्लेख नाही. फक्त देवाच्या नावाची थोरवी.

पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. दहा माणसं हवीत. त्याला ‘मिन्यान’ म्हणतात. परंपरेनं दहा प्रौढ पुरुष. नऊ असले, नऊच्या नऊ विद्वान असले, तरी चालत नाही. दहावा कुणीही असो, तो आल्याशिवाय कद्दीश नाही.

वरवे बुद्रुकमध्ये ज्यू किती? मी आणि मम्मी. आणि आम्ही तर मोजणीतच नाही!

याबद्दल मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. मुलींनी कद्दीश म्हणावी की नाही, यावर ज्यू जगात अजून वाद आहेत. काही ठिकाणी मुली म्हणतात. आमच्या जुन्या वळणाच्या समाजात अजून ती पद्धत नाही. पण रागाच्या पलीकडे मला त्या नियमातलं शहाणपण दिसायला लागलं. विचार करा, हा नियम करणाऱ्याला काय माहीत असेल? माणूस दुःखात असला की त्याला दार लावून, पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहावंसं वाटतं. त्याला सांगितलं, ‘बाहेर पड, लोकांत मिसळ,’ तर तो ऐकणार नाही. म्हणून त्याला सांगितलं, की तुझ्या वडिलांसाठी प्रार्थना म्हणायचीय ना? मग दहा माणसं शोध. आणि बाकी नऊ जणांनाही सांगितलं, की तुम्ही गेला नाहीत तर त्याची प्रार्थना अडेल. एकटेपणावर याहून चांगला इलाज आजच्या कुठल्या अॅपला सुचलाय का?

भाऊ अश्दोदला रोज कामावरून सुटल्यावर सिनेगॉगमध्ये जातो आणि दहा जणांत कद्दीश म्हणतो. शब्बाथ सोडून रोज तो तिथून आम्हाला फोन लावतो. इकडे मम्मी आणि मी फोन स्पीकरवर ठेवून ऐकतो आणि शेवटी आमेन म्हणतो. एका संध्याकाळी आक्का भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनीही आमेन म्हटलं. मग म्हणाल्या, ‘म्हटलं तर चालतंय न्हवं?’

इस्रायलला गेलेल्या आमच्या लोकांनाही सगळं आयतं मिळालं नाही बरं का. १९४८ च्या सुमारास भारतात वीसेक हजार बेने इस्रायल होते, त्यातले बहुतेक पुढे तिकडे गेले. आज इथे सगळे मिळून काही हजार ज्यू उरलेत. तिकडे गेल्यावर काय झालं? १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं फर्मान काढलं, की बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. म्हणजे, हे खरेच ज्यू आहेत का? ज्यांनी शनिवारी घाणा बंद ठेवून आपलं नाव टिकवलं, त्यांना हा प्रश्न! लोक रस्त्यावर उतरले, धरणं धरून बसले. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं ठराव केला, की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि ते फर्मान मागे घेतलं गेलं. इथे महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये आम्हाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्याआधी फॉर्मवर धर्माच्या रकान्यात पप्पा वर्षानुवर्षं ‘इतर’ लिहायचे. ‘आम्ही इतर नाही, आम्ही मराठी,’ असं पुटपुटत.

पुस्तक संपतं आणि लगेच सुरू होतं

सातव्या दिवशी सकाळी थोडा वेळ बसायचं आणि शिवा संपते. मग उठून घराबाहेर पडायचं, एक छोटी चक्कर मारायची. मम्मी आणि मी हायवेपर्यंत चालत गेलो. ट्रक, एसटी, पुण्याकडे धावणाऱ्या कंपन्यांच्या बसेस. जग तसंच चाललं होतं. परत येताना मम्मीनं माडाच्या बुंध्याला पाणी घातलं. पावसाळ्यात! मी काही बोलले नाही.

त्यानंतर तीस दिवस. मग अकरा महिने. शोकाचे असे टप्पे ठरलेले आहेत. एकेक टप्प्यावर एकेक दार उघडतं. तुम्ही तयार असा-नसा, उठायची वेळ झाली की उठायचं. आणि उलटही खरं, वेळ झाली नसेल तर उठायची घाईही नाही. तुमच्याकडच्या दहाव्या-तेराव्याला, वर्षश्राद्धाला हेच गणित नाही का? फरक पडलाय तो आपल्या सुट्टीच्या अर्जात. तिथे दुःखाला तीन दिवस मिळतात, आणि चौथ्या दिवशी लॉगिन.

शिवा संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी सिम्हत तोरा आला. तोराची, म्हणजे मोझेसच्या पाच पुस्तकांची गुंडाळी सिनेगॉगमध्ये वर्षभर थोडी थोडी वाचतात. चामड्यावर हातानं लिहिलेली, तीन लाख चार हजार आठशे पाच अक्षरं. एक अक्षर जरी चुकलं किंवा पुसलं, तरी दुरुस्त केल्याशिवाय ती वाचायला चालत नाही. सिम्हत तोराच्या दिवशी तिचा शेवटचा भाग वाचतात. त्यात मोझेस डोंगरावरून वचनाची भूमी बघतो आणि तिथेच मरतो. चाळीस वर्षं चालून तो पोहोचतच नाही! लहानपणी मला हा शेवट फार अन्यायाचा वाटायचा. पण त्या दिवशी पुण्यात बायकांच्या बाजूला मम्मीशेजारी बसून मी ऐकत होते. मोझेस मेला, आणि वाचणारा थांबला नाही. लगेच दुसरी गुंडाळी उघडून सृष्टीच्या उत्पत्तीपासून वाचायला लागला. शोक नाही, सुट्टी नाही. पुस्तक संपलं त्याच दिवशी पुन्हा पहिल्या पानावर. पप्पांनी लावलेल्या माडांना अजून नारळ लागला नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ठीक आहे. पोहोचणं हा सगळ्यांच्याच वाट्याचा भाग नसतो.

मग माझी श्रद्धा वाढली का?

मैत्रिणी हा प्रश्न विचारतात. खरं सांगू? देव आहे की नाही, हा विषय माझ्याकडे अजून पेंडिंग आहे. पण मला एक गोष्ट कळलीय. श्रद्धा आधी येते आणि मग आपण दिवा लावतो, असं नसतं. बऱ्याचदा दिवा आधी लागतो. मनाला नंतर निरोप जातो.

आता शुक्रवारी संध्याकाळी माझा मोबाइल पोह्यांच्या डब्यात जातो. एक काम त्यामुळे हातचं गेलं. त्यांना शनिवारीही हजर असणारी लेखिका हवी होती. महिन्याचा हिशेब थोडा आखडला, हे मान्य. पण शनिवारी दुपारी मम्मी पप्पांच्या गोष्टी सांगते. त्यातल्या अर्ध्या मला माहीत नव्हत्या. त्या गोष्टींचं मानधन कोण देणार?

या महिन्यात कद्दीशचे अकरा महिने पूर्ण होतील. त्यानंतरचा प्रश्न भावानं फोनवर विचारून ठेवलाय, ‘मम्मीला इकडे पाठवतेस का? तू पण ये.’ तिकडे दहाच काय, शंभर माणसं एका हाकेवर मिळतील. सुरक्षित वाटेल का, परकं वाटेल का, हे वेगळे प्रश्न. मम्मी म्हणते, वर्ष होऊ दे, मग बघू. मी म्हणते, तू सांगशील ते. अजून आमचं ठरलेलं नाही.

मागच्या गुरुवारी दिव्याचं तेल संपलं. हायवेवर लाकडी घाण्याच्या तेलाची दुकानं आता जागोजागी झालीत, तशा एकात मी मम्मीला घेऊन गेले. घाणा फिरत होता, मोटरवर. मम्मी बराच वेळ बघत उभी राहिली. मग दुकानदाराला विचारलं, ‘दादा, शनिवारी चालू असतो का घाणा?’

‘चोवीस तास, सातही दिवस, काकू!’ तो अभिमानानं म्हणाला.

मम्मी हसली. आषाढानंतर पहिल्यांदाच अशी मोकळी हसली असेल. ‘आमचा बंद असायचा,’ ती म्हणाली, आणि एक लिटर तेल घेतलं.